आईने लावलेला कौल

सोमवारी शाळा सुटली की मला घरी जायला नको वाटायचं. घर जवळ होतं, तरी मी वाट जमेल तितकी लांबवायची. विहिरीवर थांबायची, कुणाच्या कुंपणाखाली पडलेली चिंच उगाच शोधत बसायची. सोमवारी संध्याकाळी आमच्या घरी लोक देवाला प्रश्न विचारायला यायचे, आणि त्या प्रश्नांसाठी पाकळ्या निवडायचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही बोरिवलीला राहायचो. पन्नासचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि बोरिवलीची माणसं अजून 'मुंबईला जाऊन येतो' असंच म्हणायची. आमच्या बैठ्या चाळीच्या मागे भाताची खाचरं होती, आणि खाचरांपलीकडे गावठाण. तिथे जुनी ख्रिस्ती कुटुंबं राहायची. बाबा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीत ते कुणाच्या अध्यात ना मध्यात असे गृहस्थ. पण सोमवारी अंघोळ करून, सोवळं नेसून देवासमोर बसले की माणूस बदलायचा. आवाज खाली जायचा आणि चाळीतली मोठी मोठी माणसं त्यांच्यासमोर हात जोडून बसायची.

देव म्हणजे वीतभर उंचीची काळी दगडी मूर्ती. मालवणकडच्या आमच्या गावी आजोबा देवळात कौल लावायचे. त्यांच्यामागे देवळातला मान थोरल्या काकांकडे गेला आणि घरातली ही लहान मूर्ती बाबांबरोबर मुंबईला आली. कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. एवढ्यावर लोक मुलींची लग्नं ठरवायचे, नोकऱ्या सोडायचे, भावाभावांतली भांडणं मिटवायचे.

बाबा एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायचे. देवाशी मात्र मालवणी. "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे इलां हा. तेच्या मनातली शंका दूर कर रे म्हाराजा." मला पुष्कळ वर्षं वाटायचं की देवाला दुसरी भाषा कळतच नाही. मी मनातल्या मनात शाळेच्या मराठीत काही मागितलं, तर ते त्याच्यापर्यंत पोचत असेल का, याची मला काळजी असायची. आणि कधी याच्या उलट काळजी असायची, की सगळं पोचतंय.

कारण माझ्या मनात नको ते यायचं. तगरीच्या पाकळ्या मी निवडायची, त्या सारख्या आकाराच्या, न फाटलेल्या, न कोमेजलेल्या लागायच्या. निवडता निवडता वाटायचं, यातली एक जरा जाड असली तर? बाबांच्या बोटाला एका बाजूला पाणी जास्त लागलं तर? खिडकीतून वारा उजवीकडूनच येतो, त्याचं काय? असं काही मनात आलं की मी घाबरून दोन्ही कान धरायची आणि देवाची माफी मागायची. माफी मागून होईपर्यंत दुसरी शंका यायची.

आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत एक बाई राहायच्या. त्यांचे यजमान बोटीवर खलाशी होते आणि बरेच दिवस त्यांची खुशाली नव्हती. एका सोमवारी त्या आल्या. 'माणूस घरी येईल ना?' एवढंच त्यांचं विचारणं. उजवी पाकळी जवळजवळ लगेच पडली. बाई रडल्या, हसल्या, आईच्या गळ्यात पडल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी घर सारवून घेतलं. यजमान आले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आले नाहीत. त्या नळावर दिसल्या की मी मान खाली घालायची. शेवटी धीर करून मी बाबांना विचारलं, "देव हो म्हणाला होता ना?"

बाबा म्हणाले, "आपण 'येईल का' विचारलं. 'कधी' नाही विचारलं."

त्या उत्तराने माझी झोप उडाली. म्हणजे देव खोटं बोलत नव्हता, पण आपला प्रश्न चुकू शकत होता. आणि प्रश्न चुकलाय हे देव सांगत नव्हता.

तगरीची फुलं गावठाणातून यायची. तिथे एक विधवा बाई राहायची, आम्ही तिला मावशी म्हणायचो. गुडघ्यापर्यंतचं लाल लुगडं, कानांत जड सोनं, आणि बोलणं तोंडावर. सोमवारी सकाळी मी परडी घेऊन तिच्या कुंपणाशी गेले की ती म्हणायची, "घे बाय, घे. माझी फुलं तुमच्या देवाला चालतात. मी चालंन का नाय, ते पण विचार एकदा." मी हे घरी कधी सांगितलं नाही. पण फुलं तोडताना दर वेळी मनात यायचं: खरंच, फुलं कशी चालतात?

मी सहावीत होते तेव्हा आईचं दुखणं सुरू झालं.

आई गिरगावात वाढलेली. तिने कौलाच्या बैठकीला कधी नाक मुरडलं नाही, पण ती तिथे बसायचीही नाही. येणाऱ्यांना चहा द्यायची आणि आत निघून जायची. आता चहाचे कप देताना ती मध्येच दाराची चौकट धरून उभी राहू लागली. ओठ पांढरे पडायचे. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, उसण भरली." बायका आपसात हळू बोलायच्या आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. धुण्याच्या बादलीत मला एकदा नको तितकं रक्त दिसलं. मी ते कुणालाच बोलले नाही. देवालाही नाही, कारण बोललं की ते खरं होईल असं वाटलं.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात गाठ आहे, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाऊन काढून घ्या, थांबू नका. आईला घेऊन बाबा घरी आले ते बूट न काढता तसेच खुर्चीवर बसले. आईनेच मग त्यांना पाणी दिलं.

"सोमवारी विचारतो," बाबा म्हणाले.

"डॉक्टर थांबू नका म्हणालेत," आई म्हणाली.

"विचारल्याशिवाय कसं करणार? लोकांच्या बारीकसारीक गोष्टी विचारतो, आणि ही?"

त्या सोमवारी बाबांनी कुणालाही घरात घेतलं नाही. मी पाकळ्या निवडल्या. एक उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग बाबांनी मागून हात पुढे केला. गाऱ्हाणं घालताना शब्द मध्येच अडले; परक्यांसाठी कौल लावताना ते कधी अडले नव्हते. शेवटी त्यांनी विचारलं, ऑपरेशन करू का.

आम्ही तिघं बघत बसलो. बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. आई आत चुलीशी होती. डावी पाकळी हलली, जरा घसरली, थांबली. मग ती पडली.

बाबांनी डोकं टेकलं ते बराच वेळ वर केलं नाही. आई दारात येऊन उभी राहिली. तिने खाली पडलेल्या पाकळीकडे पाहिलं आणि परत आत गेली.

त्यानंतर घरात दुसरेच उपाय सुरू झाले. बाबांनी काढे आणले, उपास सुरू केले, काकांना गावी पत्र घातलं. आई उठून स्वयंपाक करायची आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायची. बाबांना आईची फिकीर नव्हती असं कुणी म्हणेल, तर ते सपशेल खोटं आहे. ते रोज कचेरीतून येताना तिच्यासाठी मोसंबी आणायचे आणि स्वतः सोलून द्यायचे. पण देवाने नको म्हटल्यावर ऑपरेशन केलं आणि ती गेली तर? या विचाराने ते इस्पितळाचं नावच काढत नव्हते. ऑपरेशन न करता गेली तर, हा विचार ते करतच नव्हते, किंवा करून परत मागे सारत होते. मला दोन्ही विचार यायचे, एकापाठोपाठ एक, दिवसभर.

नाताळच्या सुट्टीत एकदा मावशीने मला तिच्याबरोबर नेलं. मंडपेश्वरच्या लेण्यांच्या बाजूला तिचा भाजीचा तुकडा होता. "घरात बसून बसून पिवळी पडलीस," ती म्हणाली. येताना ऊन फार होतं म्हणून आम्ही लेण्यात सावलीला बसलो. आत काळोख, गारवा आणि वटवाघळांचा वास. डोळे सरावले तेव्हा भिंतीवर नाचणारा शंकर दिसला, हात तुटलेला. आणि दुसरीकडे एका भिंतीवर मोठा थोरला क्रूस कोरलेला.

मी दचकून मावशीकडे पाहिलं. "हे कुणाचं देऊळ?"

"आधी तुमचं. मग फिरंगी आलं, तेनी आमचं केलं. वरती बघ, पडक्या भिंती हायेत ना, ते पण आमचंच. मग फिरंगी पण गेलं."

"आणि आता?"

"आता वाघळांचं," असं म्हणून तिने पदराने तोंड पुसलं.

तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र एकदा शंकराकडे, एकदा क्रुसाकडे बघत राहिले. इथे कुणीतरी कधीतरी प्रश्न विचारले असतील. नाचणाऱ्या शंकराला विचारले असतील, मग क्रुसाला विचारले असतील. त्यांच्या घरीही आया आजारी पडल्या असतील. देव बदलला तेव्हा उत्तरं बदलली का? शंकर निघून गेला, की भिंतीत तसाच राहून दुसऱ्याला विचारलेले प्रश्न ऐकत बसला? मी मावशीला हे विचारलं नाही, मला ते तेव्हा असं मांडताही आलं नसतं. पण तिथे बसल्या बसल्या मला पहिल्यांदा वाटलं की हे फक्त आमच्या घरातलं नाही. हे सगळीकडे आहे आणि फार जुनं आहे, आणि याची माहिती कुणाला तरी असली पाहिजे. ती माहिती मला हवी होती. आणि ती हवी वाटणं हे पाप असेल, अशी भीतीही वाटत होती.

घरी आल्यावर मी बाबांना एकच विचारलं. "बाबा, आपण 'ऑपरेशन करू का' असं विचारलं. 'आई बरी होईल का' असं का नाही विचारलं?"

बाबा मोसंबं सोलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याचं उत्तर डावं आलं असतं तर?" ते म्हणाले.

आईने ते पलंगावरून ऐकलं.

पुढच्या सोमवारी लोक येऊन गेल्यावर बाबा उठायला लागले तेव्हा आई बाहेर आली. न्हायलेली, केस ओले, धुतलेलं लुगडं. भिंतीला हात लावत लावत ती देवासमोर येऊन बसली.

"मला लावायचाय कौल," ती म्हणाली.

आमच्यात बायका कौल लावत नाहीत. बाबा एकदम म्हणाले, "अगं, काय बोलतेस? असं चालत नाही."

"अहो, तुम्ही तुमच्या भीतीचा कौल लावलात. मी माझा लावते. नाही चाललं तर माझ्यावर कोपेल ना? कोपू दे. आणखी काय करणार आहे तो माझं?"

बाबा बाजूला झाले. रागावले नाहीत, नुसते बाजूला झाले, एखाद्या म्हाताऱ्याला बसमध्ये जागा द्यावी तसे. आईने माझ्याकडे हात केला. मी तिच्या तळव्यावर पाकळ्या ठेवल्या. तिने त्या नीट पाहिल्याही नाहीत. पाण्यात बुडवल्या आणि उजवीकडे एक, डावीकडे एक, अशा चिकटवून टाकल्या. गाऱ्हाणं वगैरे काही नाही. मालवणी नाही. गिरगावच्या नळावर शेजारणीशी बोलावं तशी ती देवाशी बोलली.

"हे बघ, मी उद्या ऑपरेशनला जाणार. ते मी तुला विचारत नाहीये. मी विचारतेय ते एवढंच, की मी परत नाही आले तर माझी दोन्ही पोरं तू सांभाळशील का? हो की नाही ते सांग."

बाबांनी डोळे मिटून घेतले. माझ्या भावाला काहीच कळत नव्हतं, तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मला मात्र सगळं कळत होतं आणि तेच वाईट होतं. डावी पडली तर देव आम्हाला सांभाळणार नाही. उजवी पडली तर सांभाळेल, पण मग त्याचा अर्थ आई परत येणार नाही असा होतो की काय? कुठलीच पाकळी पडू नये असं मला वाटत होतं. त्या दोन ओल्या पाकळ्यांकडे बघता बघता माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि समोरचं पुसट झालं.

उजवी पडली.

"झालं," आई म्हणाली. "आता मला जाऊ दे." तिने भावाचं डोकं उचलून खाली ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "माझी पिशवी काढा वरून."

दुसऱ्या दिवशी बाबा तिला घेऊन गेले. इस्पितळात लहान मुलांना आत सोडत नसत, म्हणून आम्ही शेजारी राहिलो. संध्याकाळी मी चाळीच्या पायरीवर बसून स्टेशनकडून येणाऱ्या वाटेकडे बघायची. बाबा लांबून दिसले की चालण्यावरून ओळखायचा प्रयत्न करायची. पहिल्या दिवशी त्यांनी मान हलवली, म्हणजे अजून काही झालं नाही. नंतरच्या दिवशी ऑपरेशन झालं होतं, पण ताप होता. ताप उतरत नव्हता. देव हो म्हणाला होता. कशाला हो म्हणाला होता? ते वाक्य मी मनात उलटसुलट करत राहायची, एखादं अवघड गणित सोडवावं तसं. 'परत नाही आले तर'. त्यातल्या 'तर'वर सगळं होतं. देव 'तर' ऐकतो की नुसतं पुढचं ऐकतो?

त्या दिवसांत मावशी एका सकाळी आमच्या दारात आली. बाबा कचेरीला निघत होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पोरीला वांद्र्याला नेते, मोत माउलीकडं. तिच्या आयसाठी मेणबत्ती लावते. चालंल?"

बाबा बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. मला वाटलं, आता नाही म्हणतील. त्यांच्या देवाला सोडून दुसऱ्याच्या देवाकडे! पण ते म्हणाले, "न्या." आणि मग, दोन पावलं गेल्यावर परत वळून, "माझ्याकडून पण लावा एक."

वांद्र्याच्या टेकडीवर, माउलीच्या चर्चच्या पायऱ्यांशी मेणाच्या वस्तू विकायला ठेवल्या होत्या. मेणाचे हात, पाय, डोळे, लहान बाळं, घरंसुद्धा. ज्याचं जे दुखतं ते विकत घेऊन माउलीला वाहायचं. मावशीने बाईमाणसाचं पोट मागून घेतलं. पिवळट, माझ्या तळहाताएवढं. ते मी आत घेऊन गेले. उन्हाने मऊ पडलं होतं, माझ्या बोटांचे ठसे त्यावर उमटले, आणि त्या ठशांमुळे आईला काही होईल का, ही नवी भीती लागली.

मावशीने मेणबत्त्या लावल्या, गुडघ्यांवर बसली, पुटपुटली आणि उठली. मी वाट बघत उभी.

"चल," ती म्हणाली.

"उत्तर?"

"कसलं उत्तर?"

"ती काय म्हणाली?"

मावशी हसली नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाय, ती काय पण बोलत नाय. आपण सांगायचं न् घरी जायचं."

उत्तर न देणारी देवी मला ठाऊकच नव्हती. आणि तिच्याकडे तर एवढी माणसं जात होती! उत्तर मिळत नसताना ही माणसं इतकी निवांत घरी कशी जातात? आणि आम्हाला उत्तर मिळतं, तरी आमच्या घरात कुणाला जेवण का जात नाही? हा प्रश्न मी कुणाला विचारू? बाबांना विचारता येत नव्हतं, मावशीला त्यात प्रश्नच दिसत नव्हता.

आईचा ताप उतरला. ती घरी आली तेव्हा तिचं अर्धं शरीर कुणी काढून घेतल्यासारखी दिसत होती, पण चालत आली. त्यानंतर ती आम्हाला बरीच वर्षं लाभली.

ती जरा सावरल्यावर एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. म्हटलं, "आई, देव हो म्हणाला, पोरं सांभाळीन म्हणून. मला वाटलं, तू परत येणार नाहीस म्हणूनच हो म्हणाला."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. "हे डोक्यात घेऊन बसली होतीस एवढे दिवस?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. तिने मला जवळ ओढलं. मग म्हणाली, "तुला खरं सांगू? मला उत्तर नकोच होतं गं. डावी पडली असती तरी मी जाणारच होते. तुझ्या बाबांना हवं होतं काहीतरी. उजवं काहीतरी पडल्याशिवाय त्यांचे हात सुटत नव्हते."

"म्हणजे देव नव्हता त्यात?"

"ते मला माहीत नाही," आई म्हणाली. "तू मोठी झालीस की शोध आणि मलाही सांग."

ती हे सहज बोलली की खरंच, कोण जाणे. मी ते खरंच धरलं. पण त्याने मन शांत झालं असं नाही. उलट आता दर सोमवारी मला दोन गोष्टी दिसू लागल्या. एक देव, आणि दुसरी, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा. बाबाही पूर्वीसारखे राहिले नव्हते. कुणी आलं की ते आधी विचारायचे, "नक्की काय विचारायचंय तुम्हाला? नीट आठवून सांगा." लोक सांगायला लागत, आणि सांगता सांगता बरेच जण कौल न लावताच उठून जात. काहींना हे आवडलं नाही. 'त्यांच्यातला देव गेला' असं चाळीत बोललं जाऊ लागलं. माणसं कमी झाली. बाबांना ते फार लागलं. ते रिकामे बसून राहायचे तेव्हा मला वाटायचं, हे माझ्या प्रश्नामुळे झालं की काय.

मी विचारत मात्र सुटले. शाळेत कांदिवलीहून येणारी एक गुजराती जैन मैत्रीण होती. मी तिला विचारलं, "तुम्ही देवाला काय मागता?" ती म्हणाली, "आम्ही काही मागायचं नसतं. तीर्थंकर काही देतच नाहीत." "मग जाता कशाला तुमच्या देवळात, देरासरात?" तिने डोळे मोठे केले. "अगं, ते कसे होते ते बघायला!" मी ते दिवसेंदिवस मनात घोळवत राहिले. न मागता बघायला जायचं! असंही असतं.

मॅट्रिक झाले, अंधेरीच्या कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षांनी विषय निवडायची वेळ आली आणि मी तत्त्वज्ञान म्हटलं. आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं, पुढे त्यात धर्मांचा अभ्यास करता येतो, सगळ्या धर्मांचा, शेजारी शेजारी ठेवून. ते ऐकलं तेव्हा मला आनंदाआधी धास्तीच वाटली होती.

गिरगावचे मामा मुद्दाम आले. "मास्तरीण हो, टायपिंग शीक, काय हवं ते कर. पण हे काय? जी पोर देव चिरून बघते, ती देवाला मुकते. आणि अशा पोरीला करून कोण घेणार?"

बाबा ऐकत होते. मामा गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. पांढरे झाले होते केस, पण तो इस्पितळातल्या दिवसांतला चेहरा परत आला होता.

"ते म्हणतात ते खरं आहे का गं? हे शिकल्यावर देव राहतो का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही, बाबा. मलाही तीच भीती वाटते."

"मग कशाला जातेस?"

"न शिकता तरी भीती कुठे गेली आपली?"

ते देवघराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि कौल लावतील. डावा आला तर काय करायचं, याचा विचार मी सुरूही केला होता. पण ते उठले ते खुंटीवरचा सदरा काढायला. "चल, स्टेशनपर्यंत जाऊन येऊ. तुझ्या मामांना गाडी मिळाली का बघू," म्हणाले. घरी परतल्यावर आईला म्हणाले, "तिला लागतील ती पुस्तकं कुठे मिळतात ते विचारून ठेव."

पुस्तकं इंग्रजीत होती, जाडजूड, वाचनालयातून आणलेली. मी स्वयंपाकघरात असले की बाबा ती हळूच उघडायचे. एकदा मी बाहेर आले तर ते दिव्याखाली बसलेले, मांडीवर कचेरीतला जुना शब्दकोश, आणि बोट एका ओळीवर ठेवलेलं. दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या लोकांबद्दल होतं ते, देवाला प्रश्न विचारण्याआधी बकरीच्या अंगावर पाणी शिंपडत त्यांच्याबद्दल. बकरी थरथरली तरच देव बोलायला तयार, असा त्यांचा समज.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलंय."

"आणि नाही थरथरली तर काय करत?"

मी पुढचं पान उलटून पाहिलं. त्याच्यात ते दिलेलं नव्हतं.

"उद्या कॉलेजात विचारून ये," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसून पुढची ओळ वाचायला लागले.